भाऊंचा चौथरा

आमच्या भागात कुणी आजारी पडलं की भेटायला जायचं मी टाळते. गेले की घरातली माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्या पर्सकडे. पर्समध्ये मापायचा टेप असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. निर्मळला एका आजोबांना बघायला गेले होते, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेले. मला दारात पाहिल्याबरोबर ते उठून बसले आणि म्हणाले, “एवढ्यात नको गं, जत्रा तरी होऊन जाऊ दे.” चहा देताना त्यांच्या सुनेनं मला हळूच सांगितलं की औषधांना जे जमलं नव्हतं ते मी केलं.

तशी मी घरं बांधली, शाळेच्या खोल्या बांधल्या, एक दवाखानाही बांधला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती स्मारकं. एकदा एक स्मारक केलं की लोक तुम्हाला त्याच खात्यात टाकतात आणि मग जन्मभर तिथून सुटका नाही. हे सगळं सुरू झालं भाऊंच्या चौथऱ्यापासून. खरं तर आईपासून, पण तिचं नाव घेतलं की ती म्हणायची, “मी काय केलं? मी तर गप्प होते.” ती गप्प असली की आमच्या घरात सगळे जपून वागत.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती. मुंबईच्या कॉलेजातून आर्किटेक्ट होऊन मी नुकतीच घरी परतले होते. पडवीत एका जुन्या दाराच्या फळीवर कागद ताणून बसायचे. काम कुणी देत नव्हतं. शेजारपाजारच्यांना वाटे, पोरगी चित्रकलेची परीक्षा देतेय आणि बिचारी सारखी नापास होतेय.

आमची वाडी लहान. केळी, सोनचाफा, अबोली, थोडी भाजी. आई रोज पहाटे तोडणी करायची, पाटी भरायची आणि डोक्यावर घेऊन तिठ्यावर बाजाराची बस पकडायला जायची. सगळ्याच वाड्यांतल्या बायका जायच्या. राजोडीहून मासळीवाल्याही तिथंच येऊन थांबायच्या. तिठ्यावर रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी होती आणि मोरीला जवळजवळ डोक्याएवढा उंच, अर्धा ढासळलेला दगडी कठडा. बायका येऊन पाटी त्या कठड्यावर सरकवायच्या, मान मोकळी करायच्या, आणि बस आली की पुन्हा पाटीखाली डोकं घालून निघायच्या.

ज्यानं कधी पाटी वाहिली नाही त्याला या कठड्याचं महत्त्व कळायचं नाही. मला तरी कुठं कळत होतं. भरलेली पाटी बाई एकटी मैलभर नेऊ शकते. पण एकटी ती खाली उतरवू शकत नाही आणि खालून डोक्यावरही घेऊ शकत नाही. त्याला दुसरी बाई लागते. “हात दे गं” म्हटलं की रस्त्यानं जाणारी कुणीही, अगदी भांडण चालू असलेली जाऊसुद्धा, थांबून हात द्यायची. तशी रीतच होती. कुणी भेटलंच नाही तर ओझ्यासकट उभं राहायचं. आईची मान त्या दिवसांत फार दुखायची. डॉक्टरांनी तिला ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं. त्यावर तिनं डॉक्टरांना विचारलं, “मग तुम्ही येता का पहाटे?”

भाऊ आमच्याकडचे बडे बागायतदार. ते वारले आणि वर्षाच्या आत त्यांच्या मुलानं स्मारक समिती काढली. अध्यक्ष अर्थातच मुलगा. जागा ठरली तिठ्याची. मोरी नवी बांधायची, कठडा पाडायचा आणि त्या जागी चार खांबांच्या छत्रीखाली भाऊंचा अर्धपुतळा बसवायचा. भोवती लोखंडी रेलिंग, रेलिंगला फाटक, फाटकाला कुलूप. काम मला मिळालं, कारण घरच्यासारखी मुलगी, सांगितलेलं ऐकेल, असं अध्यक्षांचं मत होतं.

मला आभाळ ठेंगणं झालं. नाचत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती अबोलीची फुलं निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “आनि पाट्या कुटं ठेवायच्या?”

मी हसले. तिला समजावून सांगितलं की हे सार्वजनिक स्मारक आहे, तिठ्याला कसं रूप येईल, परदेशात चौकांमध्ये काय काय असतं. कॉलेजात शिकलेलं सगळं एका दमात ओतलं. ती फक्त “बरं” म्हणाली. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला उठवलं. “आज माजी मान धरलीय, बाय. तू चल पाटी घेऊन.” मी घेतली. डोक्यावर चुंबळ नीट बसवून तिनं स्वतः पाटी माझ्या डोक्यावर चढवली. तिठ्यापर्यंत मी कशीबशी पोचले. मान आखडली होती, घाम डोळ्यांत जात होता. मी कठड्याकडे वळले तशी आई ढासळलेल्या बाजूनं चढून कठड्यावर बसली, बरोबर मधोमध, पाय हलवत. राहिलेल्या जागेवर तिनं आपली छत्री आणि पिशवी ठेवली.

“आई, सरक.”

“कुटं सरकू? कटडा पाडला ना तुमी.”

“मग हात तरी दे.”

“माजी मान धरलीय.”

बाकीच्या बायकांना तिनं आधीच फितवलं असणार. एकही जागची हलली नाही. एक मासळीवाली मावशी तर माझ्याकडे बघत शांतपणे तंबाखू मळत होती. मी बस येईपर्यंत तशीच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रडताही येत नव्हतं, कारण मान हलली की पाटी डोलत होती. बस दिसली तेव्हा आई उठली, हलकेच पाटी उतरवून घेतली आणि म्हणाली, “आता काढ तुजं चित्र.”

घरी येऊन मी छत्री, खांब, रेलिंग सगळं खोडलं. उरला फक्त पुतळ्याखालचा चौथरा. तो मी लांब केला. आठ फूट. मग उंच केला. अर्धपुतळ्याला उंच चौथरा लागतोच, त्यात कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. नेमका किती उंच, एवढाच प्रश्न होता.

मी आईला मापायला घेतलं. दाराच्या चौकटीला टेकून उभी केली, डोक्यावर पट्टी धरली आणि पेन्सिलीनं रेघ मारली. तिच्या डोक्याच्या बरोबरीनं चौथऱ्याची कड ठेवली की पाटी डोक्यावरून सरळ दगडावर सरकेल, असं माझं साधं गणित होतं. गवंड्याला सांगून तिठ्यावर सुक्या विटांचा तेवढा ढीग रचून घेतला आणि बायकांना म्हटलं, ठेवून बघा.

पहिलीच पाटी विटांवर आदळली आणि भेंडी रस्ताभर झाली. दुसरीचंही तेच. बायका हसून हसून बेजार. चूक कुठं झाली ते मला कळेना. शेवटी मासळीवाल्या मावशीनं समजावलं. “तुज्या आयला मापताना ती फोटोला उभी ऱ्हाते तशी ताट उभी ऱ्हायली आसंल. ओजं आलं की बाई चार बोटं बुटकी होते, पोरी. मान आत जाते, गुडगं वाकतात. हे कोनी शिकवलं न्हाय तुला?”

कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या पुस्तकांत माणसांच्या उंचीचे तक्ते होते. त्यातली सगळी माणसं रिकाम्या डोक्यानं उभी होती.

विटा चार बोटं खाली घेतल्या तेव्हा जमलं. लगेच दुसरा तंटा निघाला. मासळीच्या पाट्यांतून पाणी ठिबकायचं आणि चाफेवाल्या म्हणायच्या, आमच्या फुलांना बोंबलांचा वास लागला तर गिऱ्हाईक हार देवाला घालेल की मांजराला? “पानी तर पानी, भांडता कशाला,” मावशी म्हणाली, “आमाला येगळं करून द्या.” म्हणून चौथऱ्याच्या एका टोकाला मी थोडा खालचा टप्पा केला आणि त्याला पाणी वाहून जायला एक पन्हाळ काढली.

नकाशा घेऊन मी भीतभीतच समितीपुढं गेले. पहिलंच काम होतं, ते गेलं असतं तर दुसरं कुणी दिलं नसतं. आणि कठडा तर पडणारच होता. या चौथऱ्याचा बेत उघडा पडला तर बायकांना तिठ्यावर ओझं टेकायला काहीच उरणार नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा लावला. “छत्री, रेलिंग कुठाय?”

“दादा, भाऊंनी कधी लोकांना आपल्यापासून लांब ठेवलं होतं का?”

यावर हो म्हणणं मुलाला कठीण होतं. रेलिंग गेलं, पाठोपाठ छत्रीही.

“एवढा लांब कशाला?”

“पुढारी येतील, हार ठेवतील. हार खाली पडलेले बरे दिसतात का?”

“ही पन्हाळ?”

“जयंतीला दुधाचा अभिषेक करणार ना तुम्ही?”

त्यांच्या डोक्यात ते नव्हतं, पण कल्पना त्यांना पसंत पडली. मग त्यांनी खालच्या टप्प्यावर बोट ठेवलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, “ते पुढच्या पिढीसाठी. आज भाऊ आहेत, उद्या…” आणि मी आदरानं त्यांच्याकडे बघितलं. अध्यक्ष एकदम गंभीर झाले. चष्मा काढून त्यांनी पुसला, परत लावला, आणि तो टप्पा थोडा रुंद करता येईल का म्हणून विचारलं. मी रुंद केला. मावशी पुढं कितीतरी वर्षं त्या रुंदीचं कौतुक करायची.

गवंड्याला मात्र मी फसवू शकले नाही. वरच्या काळ्या दगडाची कड मी गोल घासून घ्यायला सांगितली तेव्हा तो म्हणाला, “ताई, ह्यावर पुतळा घसरंल.” मी टेप गुंडाळायला लागले. दगडावरून हात फिरवत तो म्हणाला, “आमची मंडळी पन पाटी वाहते.” नंतर त्यानं ती कड अशी घासली की लहान मूलही तिच्यावर आपटून रडलं नसतं.

पुतळ्याचे खिळे बसवायला मधोमध भोकं ठेवायची असतात. ती मी ठेवली नाहीत. पुतळा लगेच का बसवत नाही असं विचारल्यावर मी समितीला सांगितलं की एवढं जड काम पेलायचं तर चौथऱ्यानं एक पावसाळा खायला हवा. असं काही शास्त्र नाही. पण आमच्याकडे लोणच्यापासून लाकडापर्यंत सगळ्याला मुरू द्यायची पद्धत आहे, त्यामुळे समितीला पटलं. समोरच्या अंगाला भाऊंचं नाव कोरलं, नारळ फुटला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बायका पाट्या ठेवू लागल्या. जुना कठडा पाडलेला कुणाला जाणवलासुद्धा नाही.

पावसाळा संपला. मला वाटलं होतं, लोक पुतळ्याचं विसरतील. लोक विसरले, पण मुलगा कसा विसरेल. एका सकाळी टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेले भाऊ तिठ्यावर आले. अध्यक्ष आले, समिती आली, मूर्तिकाराचा माणूस लांब पहार आणि छिन्नी घेऊन आला. भोकं नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, आत्ता पाडतो. अध्यक्षांनी खडूनं दगडाच्या बरोबर मध्यावर चार खुणा केल्या आणि बायकांना म्हणाले, “उद्यापासून इथं पाट्या ठेवायच्या नाहीत. पुतळ्याची विटंबना होते.”

बायका माझ्याकडे बघत होत्या. मी सांगायला हवं होतं की हा चौथरा पुतळ्यासाठी केलेलाच नाही. मी सांगितलं नाही, खडूच्या खुणांकडे बघत राहिले. मी भित्री होते हे आज कबूल करायला हरकत नाही. नकाशात करता येते ती चलाखी माणसांसमोर उभं राहून करता येत नाही, निदान मला तेव्हा येत नव्हती. आईही एका बाजूला उभी होती, आणि ती गप्प होती.

तेवढ्यात वाडीच्या रस्त्यानं काकी येताना दिसल्या. काकी म्हणजे भाऊंच्या पत्नी, अध्यक्षांची आई. वयानं साठीच्या पुढं. तिठ्यापर्यंत चालत आलेल्या त्यांना कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, त्या नेहमी गाडीतून जायच्या. आणि आज त्यांच्या डोक्यावर पाटी होती. चाफ्यानं शिगोशीग भरलेली.

अध्यक्ष धावले. “आई, हे काय? कुणी गडी नव्हता का?”

काकींनी त्यांना हातानंच बाजूला केलं. चौथऱ्याजवळ आल्या, गुडघे जरासे वाकवले आणि पाटी सुळकन दगडावर सरकवली. कुणाचाही हात लागला नाही. कमरेवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि दम खाल्ला.

“लग्न होऊन आले त्या वर्षी हितं अशीच उभी होते,” त्या मुलाला म्हणाल्या. “तेव्हा कठडापन नव्हता. पाटी डोक्यावर, अन् रस्त्यात एक मानूस नाय. तुजे बाबा सायकलवरनं आले. मना वाटलं, उतरतील, हात देतील. त्यांनी घंटी वाजवली, मी बाजूला झाले, ते पुडं गेले.”

मूर्तिकाराच्या माणसानं छिन्नी खाली ठेवली.

“चांगले होते तुजे बाबा. पन जल्मभर एकदाबी माज्या पाटीला हात लावला नाय त्यांनी. आता लावतात. लावू दे.”

पुतळा वाचनालयात गेला. तिथं वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ तो फार शोभून दिसतो आणि भाऊंना वर्तमानपत्रांची आवड होतीच. अध्यक्ष काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा त्यांनी स्वतः खालच्या टप्प्यावर कोपर टेकवून बसची वाट पाहिली आणि राग गेला. बायकांनी तर त्या दगडाला दुसरं नावच ठेवलं नाही. “भाऊवर ठेव गं,” असं त्या एकमेकींना सांगायच्या. “भाऊवर जागा हाय का?” नवी सून असली तर लाजून चूर व्हायची.

काकी त्या दिवशी नेमक्या कशा आल्या, हा मी बरेच दिवस नशिबाचा भाग समजत होते. आई दर गुरुवारी त्यांच्याकडे पूजेची फुलं द्यायला जायची, हे मला माहीत होतं, पण दोन गोष्टींचा मेळ मी घातला नव्हता. एकदा केळी निवडताना तीच म्हणाली, “तुज्या चित्रात भोकं नव्हती, ते मी पाह्यलं होतं. म्हटलं, पोरीनं पाटी चढवली तर हाय, पन उतरवायला एकटीला जमनार नाय.” एवढं म्हणून ती पुन्हा केळ्यांना लागली. मी उठून पाणी प्यायले.

त्यानंतर कामं येत गेली. गावोगावची स्मारकं. प्रत्येक ठिकाणी मी आधी बघत असे की तिथं रोज कोण येतं आणि कशासाठी थांबतं. जूचंद्रला एका मास्तरांच्या स्मारकाला मी पाणपोई केली, तर समितीनं कमान का नाही म्हणून माझ्यावर डोळे वटारले. ते आता माझ्या अंगवळणी पडलं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिठ्याचा रस्ता रुंद करायला घेतला. निवडणूक आली की आमच्या रस्त्यावर डांबर पडायचं, जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. रस्ता वर येत गेला आणि भाऊंचा चौथरा तेवढा खाली गेला. कामावरचा इंजिनीअर सभ्य मुलगा होता. मला म्हणाला, “मॅडम, तुमचं स्मारक चार बोटं बुटकं झालंय. एक थर चढवून पहिल्यासारखं करून देऊ?”

मी हो म्हणणार होते. कुठल्या आर्किटेक्टला आपलं काम बुटकं झालेलं आवडेल? तरी जुनं माप खात्रीनं सांगावं म्हणून घरी आले. दाराच्या चौकटीवर ती पेन्सिलीची रेघ अजून होती. वर दोनदा रंग लागला होता, पण आईनं दोन्ही वेळा रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला लावली होती. आई ओसरीवर होती. पाट्या वाहणाऱ्या आता थोड्याच उरल्या होत्या, सगळ्या तिच्याच वयाच्या. तरुण पोरी ऑफिसात जायला लागल्या होत्या. आई अजून जायची, लहान पाटी घेऊन, सांगून ऐकत नव्हती.

“जरा उभी राहा बघू,” मी म्हटलं.

ती उठली, चौकटीला टेकली आणि पहिल्यासारखीच फोटोला उभी राहतात तशी ताठ उभी राहिली. डोक्यावर काही नव्हतं. हनुवटी वर केलेली, टाचा जुळवलेल्या. मी तिच्या डोक्यावर पट्टी धरली आणि रेघेकडे बघितलं. रेघ चार बोटं वर होती.

“आई, नीट ताठ राहा ना.”

“ताटच हाय,” ती म्हणाली.

पाटी डोक्यावरून उतरलेली होती, तरी ती चार बोटं काही परत आली नव्हती. मला तेव्हा फार रडू आलं, आणि या वेळी मान हलायची भीती नव्हती म्हणून मी रडले. आईला वाटलं, माप चुकलं म्हणून पोरगी रडतेय. “चुकलं तर पुन्हा घे,” ती म्हणाली, आणि पुन्हा टाचा जुळवून उभी राहिली.

संध्याकाळी मी तिठ्यावर जाऊन इंजिनीअरला सांगितलं की थर चढवू नका, उंची आहे ती बरोबर आहे.